चौतिसाचं घराणं

आमच्या घरात बायका चार आणि माप एक. चौतीस. सासूबाई अंगाने भरलेल्या, मोठ्या जाऊबाई म्हणजे नुसती तुरकाठी, मी मध्यम बांध्याची, आणि जाऊबाईंची प्रणाली खांद्यांनी रुंद, आजोबांवर गेलेली. पण दिवाळीच्या आधी सासूबाई राजापेठेत जायच्या आणि एक खोकं घेऊन यायच्या. खोक्यात एकाच नंबरच्या, एकाच मळकट पांढऱ्या रंगाच्या बॉड्या. प्रणाली बारावीला गेली तेव्हा खोक्यात तिच्या वाटच्या वाढल्या, नंबर तोच राहिला.

या पद्धतीचा फायदा होता, तो नाकारून चालायचं नाही. मागच्या अंगणात दोरीवर आमच्या बॉड्या सासऱ्यांच्या पंच्याखाली वाळायच्या, कारण बायकांचं आतलं पुरुषांच्या नजरेला पडू नये. पुरुषांच्या बनियनी मात्र रस्त्याच्या बाजूला, भोकांसकट. पंच्याखाली हात घालायचा, हाताला लागेल ती आपली. तंटा नाही, बखेडा नाही. लोक विचारतात, आजच्या काळात एकत्र कुटुंब टिकतं कसं? हे असं टिकतं.

बरं, माप म्हणजे काय हे न कळणारं हे घर नव्हे. आम्ही फुलांच्या धंद्यातले. सासरे वामनराव यांचा मळा गावाबाहेर, झेंडू-शेवंती-मोगऱ्याचा, आणि दुकान राजापेठेत. आमच्याकडे ओवलेल्या फुलांची लड हातावर मोजून विकतात, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक हात. म्हणून दुकानात मोजायला सासऱ्यांनी माझ्या नवऱ्याला, गजेंद्रला, बसवलं आहे. भावाभावांत त्याचा हात आखूड. आणि मळ्यात ठिबकची नळी विकत घेतली की सासरे स्वतःच्या पोलादी टेपने बोटभराचाही हिशेब लावतात. इतक्या मोजणाऱ्या माणसाच्या घरात चार बायकांची छाती कोणी कधी मोजली नव्हती.

हे सगळं असंच चाललं असतं, पण प्रणालीने पोलीस भरतीचा फॉर्म भरला.

अमरावतीत पहाटे कोणत्याही मैदानावर जा, भरतीची पोरंपोरी पळताना दिसतील. प्रणाली त्यातली एक. सासऱ्यांनी तिला शब्द दिला होता, पण एकाच वेळेपुरता. "या भरतीत तुहं ग्राऊंड निंगलं तं पुढचं पाहू. नाई निंगलं तं मोर्शीचं पक्कं. मंग रडायचं नाई." ग्राऊंड म्हणजे मैदानी परीक्षा, आणि मोर्शीचं म्हणजे स्थळ. संत्र्याच्या बागा, दुमजली घर, दारात जीप, आणि मुलगा काय करतो हे विचारलं की सगळे पुन्हा बागेबद्दल सांगायचे. जाऊबाई, म्हणजे तिची आई, आशाबाई, सासऱ्यांपुढे कधी बोलल्या नाहीत, याही वेळी बोलल्या नाहीत. प्रणाली मात्र माझ्याजवळ मोगरा ओवत बसली होती तेव्हा म्हणाली, "काकू, मले तिथं नाई जायचं. मले वर्दी पायजे. एवढं आठशे मीटर निंगलं पायजे बस."

आणि तेच निघत नव्हतं. पोरगी दमाची होती, पाय लांब होते, पण पळताना दोन्ही कोपरं छातीशी गच्च दाबून धरायची. तिचे सर मैदानाच्या मधून ओरडायचे, "प्रणाली, हात सोड ना वं! काय बगलेत कोंबडी घेऊन पळून राहिली का?" सगळं मैदान हसायचं. प्रणाली लाल व्हायची आणि कोपरं आणखी दाबायची.

त्याच मैदानावर पोरांच्या छात्या मोजायचा सोहळा रोज व्हायचा. भरतीत पोरांची छाती मोजतात, एकदा साधी आणि एकदा फुगवून. म्हणून पोरं बनियन काढून रांगेत उभी राहायची, एकमेकांना टेप लावायची, आकडा ओरडून सांगायची. चहाच्या टपरीवरचा माणूससुद्धा भजी तळता तळता सल्ला द्यायचा की दम पोटातून घे, खांदे मागं टाक. पोरांची छाती हा गावाचा विषय. पोरींना ती असते हे मात्र कोणालाच ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसलेलं ओझं घेऊन पोरींनी पळून दाखवायचं.

"दोन घालतो काकू, एकावर एक," प्रणालीने मला सांगितलं. "वरून ओढणी करकचून बांधतो. तरी हालते. दुखते. अन् बांधलं का दम घेता येत नाई." तिने कुर्ता खांद्यावरून सरकवला. पट्ट्यांनी मांसात खाच पाडली होती, कडेला कातडी सोलली होती. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीचा खांदा तो. माझा हात आपोआप माझ्या खांद्यावर गेला. तिथेही खाच होती, फक्त जुनी झालेली. मला इतका राग आला की हातातला मोगरा चुरगळला.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन राजापेठेतल्या आमच्या नेहमीच्या दुकानात गेले. गल्ल्याशेजारी श्याम होता, मालकाचा मुलगा. मला पाहताच मोठ्याने म्हणाला, "या भाबी! काकू नाई आल्या? चौतीस ना? तुमच्या घरचं माप मले पाठ आहे." त्याच्या काकू म्हणजे माझ्या सासूबाई. दुकानात गिऱ्हाइकं भरलेली. त्यातल्या दोन बायका माझ्याकडून रोज पूजेची फुलं नेतात.

मी म्हटलं, "चौतीस नको. पोरीचं माप घेऊन मग द्या. माप घ्यायला कोणी बाई आहे का?"

"माप कायले लागते भाबी? आपली नजर आहे ना." श्यामने प्रणालीकडे पाहिलं. बाजारात वांगी निवडतात तसं, देठापासून खालपर्यंत. "छत्तीस देऊन टाकतो. सैल झाली तं टाका मारून घेजा."

"घालून पाहू द्याल?"

"आतल्या मालाले ट्रायल नसते. अन् बदलूनही भेटत नाई." हे सांगत असताना त्याच्या मागे शर्टासाठी तीन ट्रायल रूम होत्या, आरशासकट, आणि एका दारातून एक गृहस्थ तिसरा शर्ट घालून पोट आत ओढत बाहेर आले. शर्ट बदलून मिळतो, कारण तो सगळ्यांना दिसतो. मी प्रणालीचा हात धरला आणि पायऱ्या उतरले. मागून श्यामचा आवाज, "काकूले सांगजा, नवा माल आला!"

घरी येऊन आम्ही मधल्या खोलीचं दार लावलं. मोबाइलवर एका व्हिडिओत एक बाई नीट समजावून सांगत होती, दोन मापं घ्यायची म्हणून. पण टेप कुठे होती? घरात एकच, सासऱ्यांची पोलादी. ती थंडगार पाती पोरीच्या अंगाभोवती फिरवली असती तर भरतीऐवजी दवाखान्यात जावं लागलं असतं. मग मी म्हटलं, आपण फुलवाले, दोऱ्याला काय तोटा? गजऱ्याचा दोरा घेतला. पहिला वेढा छातीच्या खाली, फासळ्यांवर, दम सोडायला लावून, अंगाला घट्ट. दुसरा छातीच्या सगळ्यात भरल्या जागेवरून, ना आवळून ना सैल. आणि पाठीमागून दोरा वर चढू द्यायचा नाही, जमिनीशी सरळ राहिला पाहिजे. पहिल्याच वेळी तो मागून चढला होता, आरशात पाहिलं म्हणून कळलं. पुन्हा घेतला. मग दोन्ही दोरे जमिनीवर पसरून पोलादी टेपला लावले.

खालचं बत्तीस, वरचं छत्तीस. वरच्यातून खालचं वजा करायचं. एका इंचाला ए, दोनाला बी, तिनाला सी, चाराला डी. बत्तीस डी.

"डी?" प्रणालीचं तोंड उतरलं. "हे तं नापास झाल्यावानी वाटते, काकू."

एवढ्यात दार वाजलं. दार लावलं की आमच्या घरात ते वाजतंच. सासूबाई दुर्गाबाई आत आल्या, जमिनीवरचे दोरे पाहिले, टेप पाहिली, कुर्ता सावरणारी नात पाहिली.

"काय मोजून राहिल्या वं दोघीजणी?"

मी सांगितलं. सरळ सांगितलं, कारण लपवायचा मला कंटाळा आला होता. की प्रणालीचा नंबर चौतीस नाही, बत्तीस आहे, आणि चुकीच्या मापाने पोरगी पळू शकत नाही.

"बत्तीस?" सासूबाई हसल्या. "अवं, पोरगी आशाच्या दुप्पट हाय. मोठ्या अंगाले लहान नंबर कसा येईन? शिकलेल्या म्हणतेत तुमाले." आणि माप माहीत नसल्याचा आरोप त्यांना इतका लागला की त्या तडक आतल्या पेटीकडे गेल्या आणि एक ब्लाऊज घेऊन आल्या. गर्द तपकिरी, काखेत विरलेला, हुकांच्या जागी गंजाचे डाग.

इथे थोडं सांगायला हवं. आमच्याकडे बायका शिंप्यासमोर उभं राहून माप देत नाहीत. जुना ब्लाऊज देतात, त्याला मापाचा म्हणतात. आमचा गोवर्धन शिंपी तो पालथा घालून मोजतो आणि तसाच नवा बेततो. बाई जाडी झाली, बारीक झाली, बाळंत झाली, गोवर्धनला कळायचं कारण नाही. ब्लाऊज बदलत नाही.

"हे पाय," सासूबाई म्हणाल्या, "हे हाय या घरचं माप. माह्या सासूबाईचं. माह्या लग्नातले सारे ब्लाऊज याच्यावरच शिवले. गोवर्धनचा बाप बोलला, छाती चौतीस. दुकानदारानं इचारलं कोणता नंबर, म्या सांगतलं चौतीस. तवापासून चौतीस. आशा आली, तू आली. कोणी मेलं का?"

मला आधी हसू आलं आणि मग आलं नाही. म्हणजे चौतीस हा सासूबाईंचाही नंबर नव्हता. त्यांच्या सासूबाई, माणिकबाई, बैठकीतल्या फोटोत आहेत. हडकुळी, करारी बाई, तोंड मिटलेलं, गळ्यात आमच्याच मळ्यातला ताजा हार. ती भिंतीवरची बाई आम्हा चौघींच्या छातीवर बसली होती. आणि वर गंमत अशी की तो नंबर बॉडीचा नव्हेच. ब्लाऊजचा नंबर म्हणजे भरल्या छातीचा घेर, बॉडीचा नंबर म्हणजे खालच्या फासळ्यांचा. आमच्या घराण्याने एका मेलेल्या बाईचा चुकीचा आकडा उचलला आणि परंपरा म्हणून सांभाळला.

"आई," मी विचारलं, "लग्नातले ते ब्लाऊज तुम्हाला बसायचे का?"

सासूबाईंनी ब्लाऊज झटकला. "बसायचं काय असते त्याच्यात? घालायचं असते." आणि ब्लाऊजची घडी घालून गेल्या.

माझं माहेर अकोल्याजवळचं बाळापूर, त्यामुळे अकोल्याला जायला मला कारण लागत नाही. आईला बरं नाही म्हटलं आणि प्रणालीला सोबत घेतलं. अकोल्यात एक मोठं दुकान निघालं होतं, फक्त बायकांच्या आतल्या कपड्यांचं, काचेच्या दाराचं. विकणारी मुलगी नीलम नावाची, छातीवर नावाची पट्टी. मी हरखले, म्हटलं, चला, इथे तरी शहाणपण असेल.

"बत्तीस डी?" नीलम म्हणाली. "मॅडम, डी म्हणजे लय मोठ्या बायकायले लागते. तुमी चौतीस बी घ्या. सेमच असते."

"सेम असतं तर दोन खोकी कशाला बनवली?"

"ते कंपनीले माहीत," नीलम म्हणाली आणि चौतीस बी काढली. चौतीस! अमरावतीहून अकोल्यापर्यंत माणिकबाई माझ्या मागे आल्या. माझा पारा चढला. मी म्हटलं, मला ती शिडी दे, मी स्वतः शोधते. नीलम घाबरून स्वतःच चढली आणि अगदी वरच्या फळीवरून एक धूळभरलं खोकं काढलं. पळायची बॉडी, रुंद पट्ट्यांची, मागे हुक. बत्तीस डी.

"घालून पायची असन तं कुर्त्यावरून पाहा," नीलम म्हणाली.

"चप्पल मोज्यावरून घालून पाहतेस का तू?" मी विचारलं. शेजारी एक बाई गुपचूप ऐकत होत्या, त्या हसल्या. नीलमने ट्रायल रूमची किल्ली दिली.

मी बाहेरून सांगत होते, प्रणाली आतून उत्तर देत होती. खालचा पट्टा पाठीत वर चढतो का? नाई. पट्ट्याखाली दोन बोटं जातात का, की मूठ? दोनच. हात वर कर, खालून उचलली जाते का? नाई जात. पट्ट्या रुततात? नाई. मग आतून धबधब आवाज यायला लागला. फळीवरची खोकी हलली.

"काय करून राहिली ती?" नीलमने विचारलं.

"पळून राहिली," मी म्हटलं.

दार उघडून प्रणाली बाहेर आली. चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी. "काकू, काही हाललं नाई," ती म्हणाली. तिला मिठी मारावी असं मला वाटलं आणि मी मारली, भर दुकानात. मग माझंही माप घेऊन मी माझ्यासाठी एक घेतली. बसमध्ये परतताना मी सरळ बसले होते आणि कंबर दुखत नव्हती. इतकी वर्षं मला वाटायचं की बाईची पाठ दुखतेच.

त्यानंतर मैदानावर प्रणालीचे हात सुटले. सर म्हणाले, "आता कोंबडी सोडून देल्ली वाटते," आणि या वेळी तीही हसली. तिचा वेळ कमी होऊ लागला. सासरे रोज विचारायचे, किती आला, आणि आकडा ऐकून मळ्याकडे निघायचे. मोर्शीवाल्यांचा फोन आला की "पाहू, पाहू" म्हणायचे. मोर्शीची बाई, मुलाची आई, सगळं विचारायची. उंची किती, वजन किती, बांगडीचं माप काय, बोटाचा घेर किती, शिवायला मापाचा ब्लाऊज कधी पाठवता. आमच्या पोरीचं एकही माप त्यांना परकं राहायला नको होतं. पळते किती हे मात्र कधी विचारलं नाही.

ग्राऊंडचा दिवस आला. मी आदल्या संध्याकाळी हुशारी केली. प्रणालीला म्हटलं, ती बॉडी धुऊन वाळवून बॅगेत ठेव आणि तिकडे जाऊनच घाल. म्हणजे वाटेत घामेजणार नाही आणि सासूबाईंच्या डोळ्यांतही खुपणार नाही. पण पहाटे डबा करायला सासूबाई उठणार, आणि डबा ठेवायला तीच बॅग उघडणार, हे माझ्या हुशारीत बसलं नाही.

सासूबाई आमच्यासोबत आल्या. नातीला एकटं धाडणार नाही म्हणाल्या. मैदानाबाहेर पोरींसाठी कनात लावली होती, घरच्यांना जाळीच्या अलीकडे थांबायचं होतं. मी कनातीत प्रणालीभोवती ओढणी धरून उभी राहिले. तिने बॉडी चढवली, हुक लावले, आणि वळून माझ्याकडे पाहिलं. "काकू, हे कायं?"

मागच्या पट्ट्यात दोन-तीन बोटं रुंदीचं इलॅस्टिक होतं. पेटिकोटाचं. हुकांची पट्टी उसवून मधे घातलेलं आणि बारीक, सुबक टाक्यांनी शिवलेलं. बॉडी अंगावर लोंबत होती. प्रणालीने जागच्या जागी एक उडी मारली आणि दोन्ही हात छातीवर धरले. "हालते," ती म्हणाली. बाहेर भोंग्यावर पोरींचे नंबर पुकारणं चालू होतं.

मी कनातीबाहेर डोकं काढलं आणि ओरडले, "आई!"

सासूबाई आत आल्या. "लागली का बराबर?" त्यांनी कौतुकाने विचारलं. "त्या अकोलेवाल्यानं तुमाले फसवलं. बत्तीस कुठं होईन तिले? पोरगी पळन, दम कोंडन, म्हून म्या चौतीस करून देल्ली. तुमी उठाच्या आंधी."

मला त्या वेळी काय काय बोलावंसं वाटलं ते लिहिण्यासारखं नाही. बोलायला वेळही नव्हता. प्रणालीच बोलली. सासूबाईंकडे बघून, रडत, मोठ्याने. "आजी, सैल झाली का हालते! हाललं का मले पळता येत नाई! आज नाई पळली तं मले मोर्शीले नेऊन टाकन आबाजी! तुले समजत काहून नाई?"

शेजारच्या पोरी बघायला लागल्या. सासूबाईंनी त्या पट्ट्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता, चोरी सापडलेल्या माणसासारखा. मग त्यांनी कमरेचा बटवा काढला. फुलवाल्या बाईच्या बटव्यात पानसुपारी नसली तरी सुई-दोरा असतोच. जाड सुई, मोगरा ओवायची.

"फिर तिकडं," त्या म्हणाल्या. "हालू नको, टोचन."

काढून उसवायला वेळ नव्हता. त्यांनी ते इलॅस्टिक पोरीच्या पाठीवरच दुमडलं आणि चिमटीत धरून ओढलं. मग थांबल्या. आणि विचारलं, "इथं?"

"अजून, आजी."

आणखी ओढलं. "इथं?"

"थोडं अजून. हां. बस. तिथं."

सासूबाईंनी टाके घातले, पोरीच्या अंगावरच, अंगाला न लावता. टाका सरळ पडत होता. दोरा दाताने तोडला. मी इतकी वर्षं या घरात आहे, पण "तुला इथे बसतंय का" हा प्रश्न त्यांनी कोणाला विचारलेला मी पहिल्यांदा ऐकला. आणि त्याचं उत्तर ऐकून त्या थांबल्या, हेही पहिल्यांदा पाहिलं. राग माझ्या अंगात तसाच होता, पण तो कुठे ठेवावा ते कळेना. प्रणालीचा नंबर पुकारला, ती डोळे पुसत पळाली.

आम्ही जाळीला चिकटून उभ्या राहिलो. पोरी सुटल्या. सुरुवातीला सगळा घोळका एकच दिसत होता. मग वळणावर तो फुटला आणि मला दिसलं की किती पोरी कोपरं दाबून पळत होत्या. एकीने तर एक हात छातीवर आडवा धरला होता आणि दुसऱ्या एकाच हाताने पळत होती. तिच्या घरचा नंबर कोणता असेल, आणि तो कोणत्या भिंतीवरचा असेल, देव जाणे. प्रणाली चौथी-पाचवी होती. हात मोकळे. दंड मागेपुढे जोरात जात होते, तोंड उघडं होतं, दम चालू होता. दुसऱ्या फेरीला तिने दोघींना मागे टाकलं.

सासूबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी जाळीत बोटं अडकवली होती आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाल्या, "मी लहानपणी लय पळो. शेतात. माह्या भावायच्या पुढं. लग्न झालं अन् ते ब्लाऊज घातले, हात वरच होत नव्हते. काखेत फाटन म्हून मी हातच वर केले नाई." मग माझ्याकडे न बघता, "नाई बसत होते ते. एकबी नाई."

बोलण्यासारखं मला खूप होतं, पण त्या रडत होत्या.

प्रणाली आली. गुडघ्यांवर हात टेकून वाकली, मग उभी राहिली आणि लांबूनच आमच्याकडे बघून दोन्ही हात वर केले. कनातीतून बाहेर येऊन तिने एवढंच सांगितलं, "निंगलं, काकू." तिचा वेळ अपेक्षेपेक्षा चांगला आला होता.

तेवढ्यात माझा फोन वाजला. सासरे. दुकानातून बोलत होते, मागे गिऱ्हाइकांचा गलका. "काय झालं वं? मोर्शीवाले इचारून राहिले. आज हो म्हणतो त्यायले, पोरीचं काय खरं नाई."

सासूबाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. सासऱ्यांशी फोनवर बोलायची त्यांना सवय नव्हती, त्यामुळे त्या गरजेपेक्षा मोठ्याने बोलल्या आणि कनातीतल्या सगळ्या पोरींनी ऐकलं.

"पोरगी निंगली. मोर्शीवाल्यायले नाई सांगा."

"अवं पण लेखी बाकी हाय ना," सासरे म्हणाले. "इतकं चांगलं स्थळ, एवढी मोठी बाग. अन् नाई सांगू तं कारण काय सांगू? लोकायले कारण पायजे."

"सांगा," सासूबाई म्हणाल्या, "घर लहान पडते तिले."